बुरशी झटकली म्हणजे विष गेलं असं नाही



पावसाळा सरत आला की बैठकीत हा प्रश्न हमखास निघतो: “ताई, मक्याला जरा बुरशी लागलीय. आपल्याला खायला नको, पण धुऊन, ऊन दाखवून कोंबड्यांना टाकला तर काय बिघडतं?” घरचं धान्य उकिरड्यावर टाकणं जिवावर येतं, हे मान्य. पण हिशेब केला तर हाच मका सगळ्यात महाग पडतो.

मका, शेंगदाणे, शेंगदाण्याची पेंड ओलसर राहिली की त्यावर पिवळट-हिरवी बुरशी धरते. ही बुरशी दाण्यात विष सोडते. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. बुरशी दिसते, विष दिसत नाही. धुतलं, वाळवलं, शिजवलं तरी ते पुरतं जात नाही. भरडल्यावर तर खराब दाणा ओळखूही येत नाही. म्हणून तयार भरड घेण्यापेक्षा अख्खा मका बघून घ्यावा आणि आपणच भरडावा, असं माझं मत.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. रोग कोणता तेच कळेना. शेवटी दोष निघाला खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीचा. त्यातूनच या विषाचा शोध लागला.

आपल्या परसात सहसा असं एकदम मरण येत नाही, आणि तिथेच आपण फसतो. विष थोडं थोडं पोटात जातं. कोंबडी खाणं कमी करते, तुरा फिका पडतो, अंडी घटतात, पिल्लं खुरटतात. यकृत, म्हणजे आपण कलेजी म्हणतो ती, खराब होत जाते. रोगाशी लढायची ताकद कमी होते, त्यामुळे लस देऊनही मानमोडी येऊ शकते. मग बोल लागतो बिचाऱ्या पशुसखीला! इकडे अंडी थांबली तरी गटाच्या कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. पिल्लांना हे विष मोठ्या कोंबड्यांपेक्षा जास्त बाधतं, बदकाच्या पिल्लांना तर फारच.

मका पुरेसा वाळला का, हे घरीच बघता येतं. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडं कोरडं मीठ घ्या, त्यात मूठ-दोन मूठ मका टाका, झाकण लावून चांगलं हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर मका अजून ओला आहे, पुन्हा ताडपत्रीवर वाळवा. पोती जमिनीवर टेकवू नका. खाली फळ्या घाला, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. पेंड महिनोन् महिने साठवू नका, लागेल तेवढीच आणा. खाद्याच्या भांड्याच्या कडेला चिकटलेला ओला थर रोज खरवडून काढा, त्यातही बुरशी धरते.

वरची लक्षणं दिसली तर आधी ते खाद्य बंद करा आणि मूठभर नमुना घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. इतर रोगांतही अशीच लक्षणं दिसतात, म्हणून डॉक्टरांना खाद्य दाखवणं महत्त्वाचं. या विषावर नेमका उतारा असं औषध नाही.

बुरशीचा मका शेळीला, गाईलाही घालू नका. दुधातून हे विष घरातल्या लेकरांपर्यंत येतं. तोंडाला ओढणी बांधून तो खोल खड्ड्यात पुरा, कोंबड्या उकरणार नाहीत इतका खोल.