जुन्या ट्रान्स्फॉर्मरमधील पीसीबी : टिकाऊपणा हाच गुण, तोच धोका

बंगळुरू : विजेच्या जुन्या ट्रान्स्फॉर्मरमधील तेलात पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, म्हणजेच पीसीबी, हे घातक रसायन असू शकते. त्याचा कोणत्याही स्वरूपातील वापर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पूर्णतः थांबविण्याचे बंधन केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१६ च्या आदेशाद्वारे घातले. पीसीबीच्या सुरक्षित विल्हेवाटीच्या राष्ट्रीय प्रकल्पात संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेसोबत बंगळुरूची केंद्रीय विद्युत संशोधन संस्था सहभागी झाली.

बेंझिन उच्च तापमानाला तापविल्यास त्याची दोन वलये जोडली जाऊन बायफेनिल तयार होते. लोह किंवा फेरिक क्लोराइड या उत्प्रेरकाच्या सान्निध्यात त्यात क्लोरीन वायू सोडला, की हायड्रोजनच्या जागी क्लोरीनचे अणू बसतात. एक ते दहा अणूंच्या निरनिराळ्या मांडणीतून अशी २०९ संयुगे संभवतात.

अमेरिकेत १९२९ मध्ये पीसीबीचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. ते सहजी पेट घेत नाही, वीज वाहू देत नाही आणि उष्णतेने विघटित होत नाही. त्यामुळे ट्रान्स्फॉर्मर व कपॅसिटरसह हायड्रॉलिक यंत्रे, रंग आणि कार्बनविरहित कॉपी कागदातही ते वापरले गेले.

हाच टिकाऊपणा पुढे घातक ठरला. पीसीबी प्राण्यांच्या चरबीत साठते आणि अन्नसाखळीत वर सरकताना त्याचे प्रमाण वाढत जाते. जपानमध्ये १९६८ साली कारखान्यातील नळीतून गळलेले पीसीबी तांदळाच्या कोंड्याच्या खाद्यतेलात मिसळून मोठी विषबाधा झाली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये पीसीबीला मानवासाठी कर्करोगकारक ठरविले.

उपकरणाच्या पट्टीवर ‘खनिज तेल’ असे लिहिलेले असले, तरी निर्धास्त राहता येत नाही. दुरुस्तीच्या वेळी एकाच गाळणयंत्रातून अनेक ट्रान्स्फॉर्मरचे तेल गेल्यास दूषित तेलाचा अंश इतरांतही उतरतो. शुद्ध पीसीबी पाण्यात बुडते, खनिज तेल तरंगते. परंतु किलोमागे ५० मिलिग्रॅम ही मर्यादा ओलांडली आहे का, हे प्रयोगशाळेतील गॅस क्रोमॅटोग्राफी चाचणीनेच नेमके ठरते.

असे तेल उघड्यावर जाळल्यास त्याहून विषारी फ्युरान व डायॉक्सिन तयार होतात. सुरक्षित पद्धतींपैकी एकीत धातुरूप सोडियम वापरून क्लोरीन वेगळे केले जाते आणि त्याचे मीठ होते. स्टॉकहोम करारानुसार अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी २०२८ ची मुदत आहे. तोवर जुना ट्रान्स्फॉर्मर भंगारात देण्यापूर्वी त्यातील तेलाची तपासणी करून घेणे, हाच दुरुस्ती आणि भंगार कामगारांच्या सुरक्षेचा पहिला उपाय होय.