उघड्या छपराची ब्यूक : भाव कशाचा?

अमेरिकेच्या ब्यूक कंपनीने १९७० साली ‘जी.एस. ४५५’ ही मोटार बाजारात आणली. बैठक आरामशीर, थाट खानदानी. परंतु बॉनेटखाली सुमारे साडेसात लिटरचे, ३५० अश्वशक्तीचे इंजिन. ‘स्टेज वन’ या खास प्रकारात ३६०. उघडझाप होणाऱ्या कापडी छपराच्या अशा मोटारी त्या वर्षी १,४१६ निघाल्या. पैकी स्टेज वन अवघ्या २३२. म्हणूनच शौकीन मंडळी तिच्यासाठी मोठी रक्कम मोजतात.

माल दुर्मिळ झाला की नक्कलही निघते. स्टेज वनची खूण चेसिस नंबरात नसते, साध्या जी.एस.वर बिल्ला लावला की झाले! म्हणून जाणकार गिऱ्हाईक इंजिनावर ठोकलेली अक्षरे व नंबर मूळ कागदांशी ताडून पाहते. इंजिन बदललेले असल्यास भाव उतरतो. पण तसे सांगून विकले, तर सौदा स्वच्छ राहतो.

आपल्या धंद्यातही रफू केलेला ताका दाखवून विकावा, घडीत लपवू नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. भिजलेला माल वर ठेवावा, असे त्यांनी विक्रेत्याला बजावले. बंधूंनो, ऐब सांगितल्याने दाम कमी मिळेल. पण रोजी हलाल राहील.