छायाप्रकाश शिकायचा, पण कुणाकडून?

पणत्या, माठ, कापडी पिशव्या रंगवणाऱ्या मैत्रिणींचा नेहमीचा प्रश्न. फूल नीट काढता येतं, रंगही भरता येतो, पण ते चपटं दिसतं, उठाव येत नाही. गिऱ्हाईक वस्तू हातात घेतं आणि परत ठेवून देतं. मग मोबाईलवर दिसेल तो पैशाचा क्लास लावावासा वाटतो. तायांनो, जरा थांबा. आधी जवळचं पाहून घ्या.

सगळ्यात जवळचे म्हणजे हायस्कूलचे चित्रकलेचे सर किंवा मॅडम. राज्याचं कला संचालनालय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा घेतं. त्यात वस्तुचित्र असतं, म्हणजे समोर भांडी-फळं मांडायची आणि दिसतात तशी रंगवायची. उठाव आणायचा सराव नेमका इथेच होतो. मुलगी या परीक्षेला बसणार असेल तर तिच्या सरावात आईनेही बसावं. (इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, ते वेगळंच.)

पुस्तक घ्यायचं तर पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली मिलिंद मुळीक यांची जलरंगावरची पुस्तकं पाहा. एकटीने नका घेऊ, गटात एक पुरतं.

व्हिडिओ मात्र पारखून घ्यावा लागतो. उजेड कुठून येतो हे शिकवणारा आधी सांगतो का? उजेड डावीकडून, तर उजवी बाजू गडद आणि खाली पडलेली सावलीही उजवीकडेच. हे न सांगता दोन मिनिटांत भराभर चित्र पुरं करणारा व्हिडिओ बघायला छान, शिकायला कामाचा नाही. सावलीला सरसकट काळा रंग सांगणाराही सोडून द्या. पिवळ्यात काळा घातला की तो हिरवट, मळका होतो. पिवळ्या झेंडूची सावली नारिंगी-तपकिरीनेच खुलते.

सरावाला पऱ्हाटीचं फुटलेलं बोंड घ्या. पांढऱ्या कागदावर पांढरा कापूस कसा काढणार? तर कापूस रंगवायचाच नाही. तिथे कागद कोरा ठेवायचा, खाचांमध्ये 4बी पेन्सिलीने हलक्या हाताने सावली द्यायची आणि मागचा भाग गडद करायचा. बोंड दिवसा खिडकीजवळ ठेवा, उजेड एकाच बाजूने येऊ द्या. रात्री घरात दोन दिवे लागले असले की सावल्याही दोन पडतात आणि शिकणारीचा गोंधळ होतो.