संत्रा बागेतील गवत: ग्रास कटर पेट्रोलचा घ्यावा की बॅटरीचा?

जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की वरुड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजार भागातील भारी काळ्या जमिनीत अनेक दिवस वापसा येत नाही. ट्रॅक्टर ओळीत घालता येत नाही आणि निंदणाला मजूर मिळत नाहीत. शिवाय संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या थरात असल्याने वारंवार रोटाव्हेटर फिरवल्यास ती तुटतात. त्यामुळे बागेतील गवत कापून तेथेच आच्छादन म्हणून टाकणे सोयीचे ठरते. प्रश्न उरतो तो यंत्राचा. किमतीआधी एकच गोष्ट पाहावी: तुम्हाला एका दिवसात सलग किती तास काम करायचे आहे?

आधी हिशेब करा

6 × 6 मीटर अंतरावरील बागेत एकरी सुमारे 110 झाडे असतात. गवत दाट असेल तर एका माणसाला एकरासाठी किमान चार तास धरावेत.

पेट्रोलचा 35 सीसीच्या आसपासचा कटर गवताच्या दाटीप्रमाणे तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल घेतो. म्हणजे एकराला दोन ते चार लिटर.

बॅटरीची ताकद काढण्यासाठी व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करावा. 36 व्होल्ट, 5 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 180 वॉट-तास. मोटर 600 वॉट ओढत असेल तर ही बॅटरी सुमारे 18 मिनिटे चालेल. चार तासांसाठी अशा 13 ते 14 बॅटऱ्या लागतील. एका युनिट विजेत ती साधारण पाच वेळा चार्ज होते, म्हणजे वीज स्वस्त आहे. महाग पडते ती बॅटरी. विक्रेत्याने सांगितलेला वेळ बहुधा हलक्या गवताचा असतो, हे लक्षात ठेवा.

कोणासाठी कोणता?

- घराभोवतीची परसबाग, हिरवळ, रोपवाटिका (10 गुंठ्यांपर्यंत): बॅटरीचा कटर, शक्यतो दोन बॅटऱ्यांसह. आवाज व धूर कमी, वजन हलके. वायरचा कटर स्वस्त असतो. पण ओल्या गवतात तो वापरू नये आणि जोडणीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा.
- एकरभर किंवा मोठी बाग, धुरे, नाल्याचा काठ: पेट्रोलचा, चार-स्ट्रोक. टू-स्ट्रोक हलका असतो, पण पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळावे लागते. प्रमाण चुकले तर इंजिन जाम होते.
- वीज: शेतीपंपाच्या फीडरवर वीज ठरावीक तासच, कधी दिवसा तर कधी रात्री असते. बॅटरी घरीच चार्ज करून न्यावी लागेल, हे गृहीत धरा.

देखभाल

चार-स्ट्रोक इंजिनचे ऑइल कामापूर्वी तपासावे आणि पुस्तिकेत दिलेल्या तासांनी बदलावे. हंगाम संपल्यावर टाकी व कार्बोरेटर रिकामा करावा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा ओढते. ते महिनोन्महिने टाकीत राहिले की पुढच्या वर्षी इंजिन सुरू होत नाही.

अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. बॅटरी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, काम झाल्याबरोबर गरम असताना चार्ज करू नका आणि दीर्घकाळ ठेवायची असल्यास अर्धी चार्ज करून ठेवा.

खोडाला पाते लावू नका

खरे नुकसान होते ते येथे. पेट्रोलचा असो वा बॅटरीचा, कटरचे पाते किंवा नायलॉन दोरी खोडावर लागली की साल फाटते. ओल्या जमिनीतील फायटोप्थोरा बुरशीला त्या जखमेतून वाट मिळते आणि झाडाला डिंक्या लागतो. चार तासांची मजुरी वाचवताना वर्षानुवर्षे जोपासलेले झाड गमावू नये.

- खोडाभोवती दीड-दोन फुटांचे आळे विळ्याने किंवा हातानेच स्वच्छ करावे. मजुराला हे काम सुरू होण्याआधी दाखवावे.
- कापलेले गवत खोडाला टेकवू नये; अर्धा फूट जागा मोकळी सोडावी.
- पावसाळ्यापूर्वी व नंतर खोडाला जमिनीपासून एक मीटरपर्यंत बोर्डो मलम लावावे (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी).
- साल फाटलीच तर जखम स्वच्छ करून त्याच दिवशी मलम लावावे.
- गाजर गवत फुलोऱ्याआधीच कापावे. हराळी व लव्हाळा कापल्याने मरत नाहीत; त्यांच्या गाठी-कंद खोदून काढावे लागतात.

सुरक्षितता व खरेदी

चष्मा, बूट व जाड पँट घालावी. 15 मीटरच्या आत कोणी उभे राहू नये. इंजिन थंड झाल्यावरच पेट्रोल भरावे. महाडीबीटीवर अनुदानासाठी अर्ज केला असेल तर पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नका. पाते, दोरी, बॅटरी आणि दुरुस्ती तालुक्याच्या गावी मिळते का, याची चौकशी करूनच पैसे द्या. भर पावसाळ्यात यंत्र आठवडाभर दुरुस्तीला पडले, तर तेवढ्यात गवत पुन्हा गुडघ्याला लागते.