मानेचें दुखणें: कारण आधीं, औषध मागून

मान दुखणें हें एके काळीं उतारवयाचें लक्षण समजलें जाई. आतां वीस-पंचवीस वर्षांचे तरुणही मानेस पट्टा बांधून हिंडतांना दिसतात. आमचें घाटनांदूर म्हणजे अंबाजोगाई तालुक्यांतील, लोहमार्गावरचें एक लहानसें गांव. मोठ्या शहरांतील कचेऱ्यांचें बैठें जीवन येथें फारसें नाहीं. तरी तक्रार तीच. मान दुखते, गोळी घेतली कीं राहते, आणि पंधरा दिवसांनीं दुखणें पुन्हा उलटतें. अशा वेळीं औषध कोणतें हा प्रश्न दुसरा. कारण कोणतें हा पहिला.

आपल्या वैद्यशास्त्रांत मान आंखडण्यास मन्यास्तंभ म्हणतात. सुश्रुताच्या निदानस्थानांत दिवसां झोपणें, वेडेवांकडें बसणें-उभें राहणें व मान वर करून पाहात राहणें हीं त्याचीं कारणें सांगितलीं आहेत. हल्लींचें तरुण मनुष्य वर पाहण्याऐवजीं खालीं पाहतें, एवढाच भेद. माधवनिदानांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें दिलीं आहेत. त्यांपैकीं ‘उपशय’ येथें फार उपयोगी पडतें. कोणत्या आहारविहारानें बरें वाटतें, हें पाहून रोग ताडणें म्हणजे उपशय.

मानेंत सात मणके असतात व त्यांवर सुमारें ५ किलोंचें डोकें तोललेलें असतें. न्यूयॉर्क येथील शस्त्रवैद्य केनेथ हंसराज यांनीं २०१४ सालीं गणितानें असें दाखविलें कीं, डोकें १५ अंश पुढें झुकलें कीं मानेवर सुमारें १२ किलोंचा, ३० अंशांस १८ किलोंचा व ६० अंशांस २७ किलोंचा भार पडतो. हे आंकडे प्रत्यक्ष मानेवर मोजलेले नव्हेत. आणि वांकून बसणाऱ्या प्रत्येकाची मान दुखतेच, असेंही अभ्यासांतून सिद्ध झालेलें नाहीं. खरा दोष बहुधा एकाच स्थितींत तासचे तास राहण्याचा असतो. स्पर्धा-परीक्षेचा विद्यार्थी पलंगावर पुस्तक ठेवून सहा तास बसतो व विसाव्यासाठीं पुन्हा मोबाइलच हातीं घेतो. स्नायूंस विसांवा मिळावा कधीं?

याच जिल्ह्यांतून दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीस जातात. तेथें त्याच वयाचीं माणसें उंसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडींत चढतात. त्यांचीही मान दुखते; पण कारण निराळें, म्हणून उपायही निराळा. दोघांस एकच मलम देऊन भागत नाहीं.

कारण शोधण्याचा घरगुती मार्ग सोपा आहे. पंधरा दिवस एका वहींत टिपून ठेवावें: दुखणें सकाळीं असतें कीं सायंकाळीं? त्यापूर्वीं काय केलें होतें? कशानें बरें वाटलें? सुट्टीच्या दिवशीं दुखतें काय? मग एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. आठवडाभर उशी बदलून पाहावी. नंतर पुस्तक डोळ्यांसमोर येईल असें मेज घ्यावें. नंतर दर अर्ध्या तासानें उठावें. सर्व उपाय एकदम केले, तर गुण कशाचा आला हें कळणार नाहीं. डोळेही तपासून घ्यावे. अक्षर अंधुक दिसूं लागलें कीं मान आपोआप पुढें जाते. परीक्षेची चिंता व अपुरी झोप यांनींही स्नायू ताठरतात.

आतां महत्त्वाची सूचना. ‘मोबाइल सोड म्हणजे राहील’ असें म्हणून वडील माणसें मोकळीं होतात. पुष्कळदा तें खरेंही ठरतें. पण नेहमींच नाहीं. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हा सांध्यांच्या दाहाचा रोग बहुधा चाळिशीच्या आंतच सुरू होतो. त्यांत सकाळीं अर्ध्या तासाहून अधिक वेळ अंग आंखडलेलें राहतें, आणि विश्रांतीनें नव्हे, हालचालीनें बरें वाटतें. उपशयाचें महत्त्व तें हेंच. दुसरा रोग मणक्यांचा क्षय. हळूहळू वाढणारी व रात्रींही न थांबणारी वेदना, बारीक ताप, वजन घटणें हीं त्याचीं लक्षणें. वेळीं ओळखला तर औषधांनीं तो बरा होतो. उशीर झाला तर हातपाय लुळे पडण्याची भीति असते. म्हणून वरील लक्षणें दिसलीं, हातांस मुंग्या वा अशक्तपणा आला, चालतांना तोल जाऊं लागला, किंवा अपघातानंतर मान दुखूं लागली, तर वही बाजूस ठेवून डॉक्टर गांठावा. तीव्र तापाबरोबर मान ताठली, तर एक तासही दवडूं नये. आमच्या भागास अंबाजोगाईचें स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय जवळ आहे.

उलटपक्षीं, अशी लक्षणें नसतां प्रत्येक वेळीं क्ष-किरण चित्र काढण्याचा हट्ट धरूं नये. साध्या दुखण्याचें कारण त्यांत बहुधा दिसत नाहीं. पट्टा फार दिवस बांधल्यास स्नायू दुबळे होतात. वेदनाशामक गोळ्या मनानें घेत राहिल्यास जठर व मूत्रपिंड यांस अपाय होतो. हजामाकडून मान कडकन मोडून घेणें तर सर्वथा टाळावें. त्या झटक्यानें मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटूं शकते.

सुश्रुतानें चिकित्सेचें सार निदानपरिवर्जन, म्हणजे कारणाचा त्याग, असें सांगितलें आहे. परंतु जें कारण ओळखलेंच नाहीं त्याचा त्याग कसा करणार? म्हणून घरांतील मुलगा, मुलगी वा सून मान दुखते म्हणाली, तर त्यास आळस न म्हणतां वरील चार प्रश्न शांतपणें विचारावे.