पावलांची वीज: आधी हिशोब करू या

विज्ञान प्रदर्शनात हल्ली एक प्रकल्प हमखास दिसतो: बुटात किंवा फरशीखाली पितळी चकत्या, पाऊल पडले की दिवा लुकलुकतो. तरुण मित्रांनी तो जरूर करावा, पण त्याची मर्यादा ओळखून करावा, असे आम्हाला वाटते.

१८८० साली फ्रान्समध्ये जाक आणि पिएर क्युरी (हेच पुढे मेरी क्युरींचे पती) या भावांनी दाखवून दिले, की क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो. एरवी आतले धन आणि ऋण भार एकमेकांना तोलून असतात. दाबाने ते किंचित सरकतात आणि एक बाजू धन, दुसरी ऋण होते. दाब तसाच धरून ठेवला तर मात्र नवी वीज मिळत नाही. दाब बदलत राहावा लागतो. गॅसच्या लायटरमध्ये स्प्रिंगची हातोडी अशाच सिरॅमिकवर आपटते. क्षणभर हजारो व्होल्ट तयार होऊन ठिणगी उडते, पण ऊर्जा अगदी थोडी.

आता पावलाचे बघू. ६० किलोच्या माणसाने फरशी ५ मिलिमीटर दाबली, तर सुमारे ३ ज्यूल. त्या सगळ्याची वीज झाली असे धरले तरी ९ वॉटचा बल्ब तासभर पेटायला १०,८०० पावले लागतील. प्रत्यक्षात कितीतरी जास्त. 'चालण्यावर गाव उजळेल' हा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी एवढा गुणाकार कराच.

या पदार्थांचे खरे मोल मोजमापात आहे. सोनोग्राफीत शरीरातून परतलेला प्रतिध्वनी त्यांच्यावर दाब टाकतो आणि त्या इवल्याशा विजेवरूनच पडद्यावर चित्र उमटते.