प्रज्वलन दोष, जुन्या मोटारसायकलींतील
पेट्रोल एंजिनातील इंधन व हवा यांचे मिश्रण पेटविणारी विद्युत् ठिणगी न पडणे, क्षीण पडणे अथवा अवेळी पडणे, या दोषांना प्रज्वलन दोष म्हणतात. भारतात १९५५ पासून मद्रास येथे तयार होऊ लागलेली एन्फील्ड बुलेट आणि म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीच्या (१९६१–९६) जावा व येझ्दी या गाड्यांत दीर्घकाळ यांत्रिक स्पर्शखंडकावर चालणारी प्रज्वलन योजना होती. नागपूरसारख्या शहरांत अशा गाड्या अजूनही वापरात आहेत. त्यांचे मूळ सुटे भाग सहज मिळत नसल्याने अंदाजाने एकेक भाग बदलत जाण्यापेक्षा क्रमवार निदान करणे हितावह ठरते.

रचना व कार्य : विद्युत् घटमालेचा ६ किंवा १२ व्होल्टचा प्रवाह किल्लीच्या स्विचमधून कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यात जातो व स्पर्शखंडकातून गाडीच्या सांगाड्याला मिळून मंडल पूर्ण होते. स्पर्शखंडकास व्यवहारात ‘पॉइंट’ म्हणतात. एंजिनाबरोबर फिरणारा कॅम योग्य क्षणी पॉइंट उघडतो, प्रवाह खंडित होतो आणि कॉइलमधील चुंबकीय क्षेत्र एकाएकी ओसरते. त्यामुळे हजारो वेढ्यांच्या द्वितीयक वेटोळ्यात सु. १० ते २० हजार व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगच्या अग्रांमध्ये ठिणगी पडते. पॉइंटला समांतर जोडलेला कंडेन्सर तेथील ठिणगी दाबून टाकतो व क्षेत्र वेगाने ओसरू देतो. चार धावी एंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी लागते; म्हणजे मिनिटाला ३,००० फेरे होत असता सेकंदाला २५ ठिणग्या पडतात. दोन धावी एंजिनात ही संख्या दुप्पट होते.

प्लगची तपासणी : किक मारूनही एंजिन सुरू न झाल्यास प्रथम प्लग काढून पाहतात. तो पेट्रोलने ओला असल्यास इंधन पोहोचत आहे, पण ते पेटत नाही, असे अनुमान निघते. कोरडा असल्यास दोष बहुधा इंधनपुरवठ्यात असतो. फिकट तपकिरी रंग स्वाभाविक होय. काळी काजळी मिश्रणात पेट्रोल अधिक असल्याचे व दोन धावी एंजिनात तेल जास्त झाल्याचेही दर्शविते. अशा एंजिनात कधीकधी कार्बनाचा बारीक कण दोन अग्रांमध्ये अडकून ठिणगी पूर्णपणे बंद होते. तो काढताच गाडी चालू होते.

यानंतर प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या माथ्याला घट्ट टेकवितात व किक मारतात. सांडलेले पेट्रोल आधी पुसणे, तोटी बंद करणे आणि प्लग त्याच्या छिद्रापासून दूर ठेवणे अत्यावश्यक आहे. अन्यथा बाहेर पडणारी वाफ पेट घेऊ शकते. ही चाचणी सावलीत करावी, कारण भर उन्हात ठिणगी दिसत नाही. निळसर, तडतडणारी ठिणगी सशक्त, तर पिवळसर वा तांबूस ठिणगी क्षीण समजतात. मात्र सिलिंडरमधील दाबाखाली ठिणगी पडण्यास उघड्या हवेपेक्षा अधिक व्होल्ट लागतात. त्यामुळे बाहेर दिसलेली ठिणगी आत पडेलच असे नाही.

मंडलाची तपासणी : नवा प्लग लावूनही ठिणगी नसल्यास कॉइलचे पॉइंटकडील टोक व सांगाडा यांमध्ये छोटा दिवा जोडून, किल्ली चालू ठेवून एंजिन हळूहळू फिरवितात. पॉइंट उघडताच दिवा लागला व मिटताच विझला, तर प्राथमिक मंडल ठीक असते. तो सतत लागून राहिल्यास पॉइंट जळलेले, तेलकट किंवा न मिटणारे असतात. तो मुळीच न लागल्यास पॉइंटकडे जाणारी तार कॉइलपासून सोडवितात : आता दिवा लागला तर पॉइंटचे निरोधन अथवा कंडेन्सर सांगाड्याला भिडलेला आहे, तरीही न लागल्यास घटमाला, फ्यूज, स्विच, जोडतारा वा प्राथमिक वेटोळे यांत दोष आहे.

बुलेटमध्ये पॉइंटमधील फट सामान्यतः ०·३५ ते ०·४० मिमी. ठेवतात. फट वाढल्यास पॉइंट लवकर उघडून ठिणगी आधी पडते; म्हणून आधी फट व नंतर ठिणगीची वेळ जुळवितात. पॉइंटवर मोठी ठिणगी आणि प्लगवर मात्र क्षीण ठिणगी, हे कंडेन्सर बिघडल्याचे प्रमुख लक्षण होय.

हवामानाचा परिणाम : नागपूर येथे २३ मे २०१३ रोजी ४७·९° से. तापमान नोंदले गेले. अशा उन्हाळ्यात जुन्या कॉइलचे निरोधन तापल्यावर निकामी होते. गाडी काही अंतरावर बंद पडते व थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते. टाकीच्या झाकणाचे वायुछिद्र बुजल्यासही असेच घडते. म्हणून गाडी बंद पडताच, ती थंड होण्यापूर्वी ठिणगी पाहणे महत्त्वाचे असते : ठिणगी असल्यास इंधनमार्ग, नसल्यास कॉइल किंवा कंडेन्सर संशयास्पद ठरतो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला सु. ०·४ टक्के वाढतो. त्यामुळे ४५° से. तापमानास मोजलेला रोध २०° से. च्या मानाने सु. १० टक्के अधिक येतो. केवळ तेवढ्यावरून कॉइल सदोष ठरवू नये. पावसाळ्यात तडकलेल्या प्लगटोपीतून वा जुन्या उच्च दाबाच्या तारेतून विद्युत् गळती होते. अंधारात ती निळसर रेषांच्या रूपाने दिसते.

नंतरच्या गाड्यांत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनीय योजना आल्या. त्यांत फट जुळवावी लागत नाही. मात्र त्यांना वरील दिव्याची चाचणी लागू पडत नाही व प्लग सांगाड्याला न टेकविता एंजिन फिरविल्यास विद्युत् घटकांना इजा पोहोचू शकते.